उजव्या बाजूचा पायॉन

स्टाफरूमच्या फळ्यावर सुपरव्हिजनचा तक्ता लागला की माझा उन्हाळा सुरू होतो. बाहेर त्याच्या खुणा आधीपासून दिसत असतात. द्राक्षांच्या गाड्या विरळ होतात, बाजारात कैऱ्यांचे ढीग येतात, गोदावरीचं पाणी पायऱ्या सोडून खाली सरकतं. मी त्याकडे फारसं लक्ष देत नाही. तक्ता लागतो, माझं नाव कुठल्या ब्लॉकसमोर आहे ते मी चष्मा कपाळावर चढवून शोधते, आणि मग मला एकदम उकडायला लागतं. यंदाही तसंच झालं. आमच्या फिजिक्सच्या विभागात नवीन लागलेली प्राजक्ता शेजारी उभी राहून स्वतःचं नाव शोधत होती. "मॅडम, तुम्हाला सलग लावलंय हो. बदलून घेऊ का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "राहू दे गं. घरी कोण वाट बघतंय माझी?" बिचारी पुन्हा तक्त्याकडे वळली. तरण्या पोरींसमोर असं बोलू नये हे मला कळतं, पण तोंडाला सवय लागून गेली आहे.

परीक्षेच्या खोलीत माणूस जितका एकटा असतो तितका मी तरी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. चाळीसेक पोरं खाली माना घालून लिहितात, पंखा कुरकुरत फिरतो, खिडकीतून कडुनिंबाच्या मोहराचा कडसर गोड वास येतो आणि आपण दोन बाकांच्या मधून उगाच येरझाऱ्या घालतो. वाचायचं नाही, बोलायचं नाही, मोबाईल बंद करून पर्समध्ये आणि पर्स टेबलावर. तीन तास मनाला मोकाट सोडून दिलेलं असतं. ते दरवर्षी एकाच एप्रिलकडे जातं.

त्या एप्रिलमध्ये अशाच एका ब्लॉकवर मी फेऱ्या मारत असताना दिनकर गेला. दिनकर म्हणजे माझा नवरा. चारचौघांत मी त्याला ‘आमचे हे’ म्हणायची आणि घरात दिनकर. दुपारी जेवून जरा पडला तो उठलाच नाही. दूधवाल्यानं बेल वाजवून वाजवून शेवटी शेजाऱ्यांना उठवलं. पेपर संपवून, उत्तरपत्रिका मोजून, गठ्ठा बांधून मी मोबाईल चालू केला तेव्हा सगळ्या सोसायटीला माझ्याआधी कळलेलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. घरात दोन माणसं होती, त्यातलं एक गेलं.

दिनकर मूळचा घोटीजवळच्या एका खेड्यातला, भाताच्या शेतीतला. नोकरी रेल्वेत, इगतपुरीला, बँकरवर. ज्यांना बँकर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबईकडून आलेली गाडी कसाऱ्याला थांबते, तिच्या मागे जादा इंजिनं जोडतात आणि ती इंजिनं तिला मागून रेटत घाट चढवतात. इगतपुरीला ती सोडून देतात. गाडी पुढे जाते, इंजिनं परत घाट उतरून पुढची गाडी धरतात. दिनकरनं जन्मभर हेच केलं. मी त्याला चिडवायची, "तू सगळ्या दुनियेला वर ढकललंस आणि स्वतः मात्र रोज खाली." त्यावर तो म्हणायचा, "आन् तू काय येगळं करतीस? पोरांना ढकलून पुढं लावून देतीस आन् हितंच ऱ्हातीस. तू बी बँकरच हाय." पगाराचा फरक सोडला तर त्याचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं.

नवीन लागले तेव्हा मला वर्गाची भयंकर भीती वाटायची. म्हणून आदल्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलाशी दिनकरसमोर अख्खा तास घेऊन बघायची. पुढे भीती गेली, पण तास घेण्याची सवय राहिली. तो समोर बसून शेंगा सोलायचा, मधेच एखादी तोंडात टाकायचा, बऱ्याचदा पेंगायचा. वर्षभर मी काय काय शिकवायची ते त्याच्या डोक्यावरून जायचं आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. फक्त परीक्षा जवळ आली की मी उजळणीला कणांच्या ऱ्हासाचा धडा काढायची, तेव्हा मात्र तो शेंगा बाजूला ठेवायचा. त्या धड्यात त्याचा जीव का अडकला होता देव जाणे.

धडा तसा सोपा आहे. पायॉन नावाचा एक अतिशय लहान, अतिशय अल्पायुषी कण असतो. तो जागच्या जागी स्थिर आहे असं धरायचं. मी टेबलावर एक वाटी पालथी ठेवायची. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी दोघं येतात: म्युऑन, अंगानं चांगला जड, आणि न्यूट्रिनो, ज्याला वस्तुमान असून नसल्यासारखं. वाटी उचलायची आणि दोन चमचे विरुद्ध दिशांना सरकवायचे. आधी सगळं स्थिर होतं, म्हणजे एकूण संवेग शून्य. मग नंतरही तो शून्यच हवा. म्हणून जितक्या संवेगानं एक डावीकडे जातो तितक्याच संवेगानं दुसरा उजवीकडे. हा संवेग शाळेतला वस्तुमान गुणिले वेग नव्हे. तो हिशेब रस्त्यावरच्या गाड्यांना पुरतो. वेग प्रकाशाच्या जवळ जायला लागला की संवेग वेगाच्या मानानं फार जास्त वाढत जातो आणि आइन्स्टाइनचा गुणक लावल्याशिवाय काहीच जुळत नाही.

पुढची गोष्ट मला स्वतःला आवडायची. म्युऑन आणि न्यूट्रिनो यांची वस्तुमानं मिळवली तर ती पायॉनच्या वस्तुमानापेक्षा बरीच कमी भरतात. जे कमी पडलं ते बुडालेलं नसतं. त्याची ऊर्जा होते आणि या दोघांच्या पळण्यात खर्ची पडते. थोडक्यात, ती तूट होती म्हणून ते पळाले. त्यातही वाटणी सारखी नसते. संवेग दोघांना समसमान, पण मोकळ्या झालेल्या ऊर्जेतला मोठा वाटा हलका न्यूट्रिनो घेऊन जातो आणि जड म्युऑनच्या वाट्याला थोडीशी येते. तो आपला थोडासा सरकतो.

"आन् पायॉन?" दिनकर विचारायचा.

"पायॉन नाही आता."

"नाय कसा? त्या दोघांत आसंल ना आर्धा आर्धा."

"दिनकर, ते दोघं त्याच्या आत बसलेले नव्हते. पायॉन फुटून त्याचे तुकडे नाही झाले. तो नाहीसा झाला आणि हे झाले. ऊर्जा तेवढीच, संवेग तेवढाच. हिशेब जुळला की नाही?"

"हिशोब जुळला गं. पन गेला कुठं त्यो?"

दरवर्षी हाच प्रश्न. मी वैतागून चमचे उचलायची आणि म्हणायची, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. मी खरंच वैतागायची. त्याला सोपी गोष्ट कळत नाही असं मला वाटायचं. आता वाटतं की वर्गातल्या कुठल्याही पोरानं मला हे कधी विचारलं नाही. सगळी पोरं हिशेब जुळला की वही मिटतात.

दिनकर गेल्यावर भेटायला माणसं येऊ लागली. आमच्याकडे भेटायला येणं म्हणजे दुपारी चारनंतर येऊन सतरंजीवर बसायचं, थोडा वेळ पंख्याकडे बघायचं, ‘कसं झालं हो अचानक’ म्हणायचं आणि पाणीसुद्धा न पिता उठायचं. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पण मी फिजिक्सची मॅडम आहे हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे इतर बायकांना ‘देवाची इच्छा’ सांगणारे लोक मला वेगळंच सांगू लागले. आधी सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, मग बँकेतले एक ओळखीचे म्हणाले, मग माझीच एक जुनी विद्यार्थिनी रडत रडत म्हणाली, "मॅडम, तुम्हीच शिकवलंय ना, ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती रडत होती, तिला काय बोलायचं?

नंतर आमच्या विभागाचे प्रमुख सोनवणे सर आले. माणूस सज्जन. माझ्यासाठी परीक्षेच्या सगळ्या ड्यूट्या त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या. ते बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मॅडम, आपण विज्ञानाची माणसं. ऊर्जा अक्षय्य आहे. दिनकरराव कुठे गेलेले नाहीत."

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. तोंडी परीक्षेला मी पोरांना धरते त्याच आवाजात मी म्हटलं, "सर, पायॉन ऱ्हास पावल्यावर एकूण ऊर्जा किती?"

सर गोंधळले. "तेवढीच."

"संवेग?"

"तेवढाच. मॅडम, आत्ता हे..."

"आणि पायॉन किती?"

सगळी बैठक माझ्याकडे बघत होती. सर हळूच म्हणाले, "शून्य."

"मग ऊर्जा अक्षय्य आहे म्हणून मला काय सांगता? पायॉन अक्षय्य आहे असा कुठला नियम तुम्ही शिकलात ते सांगा. सगळा हिशेब जुळतो, सर. सगळा जुळतो आणि माझा नवरा नाही."

एवढं बोलून मी आत निघून गेले आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर कोणीतरी ‘धक्का बसलाय त्यांना’ असं म्हणालं. सर पुढे आठवडाभर माझ्याशी नजर भिडवत नव्हते. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण इतकी वर्षं ज्या नियमावर मी पोट भरलं तो नियम मला कोणी शेंगदाण्याच्या लाडवासारखा हातावर ठेवावा हे मला सहन झालं नाही. अक्षय्यतेचे नियम थंड असतात. ते बेरजेकडे बघतात. बेरजेत कोण होतं आणि आता कोण आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

आता मी एकटीपुरता भात लावते तेव्हा कधीकधी दुसरा एक पायॉन आठवतो. त्याच्यावर विद्युतभार नसतो आणि त्याचा ऱ्हास होऊन प्रकाशाचे दोन किरण निघतात, एक इकडे आणि एक तिकडे. प्रकाशाला वस्तुमान नसतं. या किरणाला शून्य, त्या किरणाला शून्य. पण दोघांना मिळून एक व्यवस्था धरलं आणि गणित मांडलं तर वस्तुमान बरोबर पायॉनएवढं निघतं. ते या किरणात नसतं, त्या किरणातही नसतं. दोघांचं मिळून असतं. त्यातला एकच किरण हातात घेऊन कोणी कितीही डोकं आपटलं तरी उत्तर शून्यच येणार. हे मी कित्येक वर्षं खडूनं फळ्यावर लिहीत आले आणि मला त्यात फक्त गणिताची गंमत दिसायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायला आता कोणी नाही. दिनकर त्या मोजायचा आणि नेहमी चुकायचा. आमचा भात कधी कच्चा, कधी गिचका. हल्ली माझा भात रोज छान मोकळा होतो आणि तो खाववत नाही.

पण मला सांगायचं आहे ते अस्थींचं.

तिसऱ्या दिवशी माझा दीर रामदास अमरधामात जाऊन राख सावडून आला. दिनकरच्या अस्थी तांब्याच्या लहानशा कलशात होत्या, तोंडाला लाल फडकं बांधलेलं. कलश घरात घ्यायचा नसतो. खेड्यात तो झाडाला टांगतात. आमच्या सोसायटीत झाड म्हणजे पार्किंगमधली दोन अशोकाची, तिथे टांगला तर चेअरमनचा फोन आला असता. म्हणून रामदासनं गॅलरीच्या जाळीबाहेर, जिथे पूर्वी मी मनीप्लँट टांगायची त्या हुकाला तो बांधला. "दहाव्याला रामकुंडात सोडू," तो म्हणाला. मी मान हलवली.

दहाव्या दिवशी सगळी तयारी झाली आणि मी म्हटलं, "बाकीचं सगळं करा. कलश राहू दे."

रामदासला वाटलं मी काही विसरले आहे. त्यानं मला समजावलं, "वहिनी, दहाव्याच्या आतच सोडत्यात."

"मला माहीत आहे."

"सगळ्या मुलखातनं लोकं हितं येत्यात आस्थी घिऊन. रातभर परवास करून येत्यात. तुमी तर हितंच ऱ्हाता. चालत गेलं तरी व्हतंय."

"म्हणूनच म्हणते, नंतर जाऊ. कुठे पळून चाललंय रामकुंड?"

त्यानं वाद घातला नाही. विधी उरकले, कलश गॅलरीत राहिला. नातेवाईक कुजबुजले असतील. रामदास दर दोनतीन दिवसांनी घोटीहून फोन करायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा आणि ठेवता ठेवता विचारायचा, "मंग वहिनी, कवा?" मी सांगायची, पेपर तपासणी संपू दे. ते अगदीच खोटं नव्हतं. तपासणी चालू होती आणि घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरी म्हणून मी कामावर परतले होते.

खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही, ते इथे सांगते. रामकुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे. दूरदूरचे लोक येतात ते त्यासाठीच. थोड्या वेळात हाडाचं पाणी होतं म्हणतात. मी नाशिकची, त्यातून विज्ञानाची, त्यामुळे हे ऐकून जन्मभर हसत आले. हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट नदीच्या पाण्यात असं विरघळत नाही. गाळात जाऊन बसत असेल. पण त्या एप्रिलमध्ये मला या श्रद्धेची भीती वाटायला लागली. दिनकरच्या खुर्चीवर आता कपडे पडत होते, त्याचा आवाज मला नीट आठवेनासा झाला होता. त्याचं म्हणून जे काही वस्तुमान या जगात उरलं होतं ते त्या फडक्याखाली होतं. तराजूत टाकलं असतं तर काटा हलला असता. ते सोडलं की काटा हलवणारं काहीच उरणार नव्हतं. मी सकाळी उठले की आधी गॅलरीत जायची. वारा असला की कलश जाळीवर आपटून बारीक आवाज यायचा. तो ऐकून मला बरं वाटायचं. हे वेडेपणाचं होतं हे मला समजत होतं, आणि तरीही मी तो हलवू देणार नव्हते.

तपासणी केंद्र म्हणजे एका कॉलेजचा मोठा हॉल. लांब टेबलं, प्रत्येकापुढे गठ्ठा, कोपऱ्यात पाण्याचा जार आणि चहाबरोबर गार झालेले सामोसे. उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं. कोणाचं लिहिलेलं आपण वाचतोय ते कधीही कळत नाही. माझ्याकडे आधुनिक भौतिकीचा पेपर होता आणि त्यात नेहमीचाच प्रश्न आला होता: स्थिर पायॉनचा ऱ्हास होऊन म्युऑन आणि न्यूट्रिनो निर्माण होतात, म्युऑनचा संवेग आणि ऊर्जा काढा. मी डोळे मिटूनही तो तपासू शकते. पोरं एक ठरलेली चूक करतात. डावीकडचं वस्तुमान आणि उजवीकडच्या वस्तुमानांची बेरीज सारखी धरतात, आणि मग पळायला ऊर्जाच उरत नाही म्हणून घाबरून आकडे घुसडतात. मी लाल पेनानं रेघ मारून पुढे जात होते.

एका उत्तरपत्रिकेशी मात्र थांबले. अक्षर टपोरं, आकृती पट्टीनं काढलेली. ‘आधी’ या आकृतीत मधोमध एक गोळा, पायॉन. ‘नंतर’ या आकृतीत एक बाण डावीकडे, एक बाण उजवीकडे, आणि मधोमध पुन्हा तोच गोळा. खाली नीट लिहिलेलं: पायॉन, स्थिर.

त्या मुलानं किंवा मुलीनं पायॉन जाऊच दिला नव्हता. समीकरणाच्या डाव्या बाजूला पायॉन होता आणि उजव्या बाजूलाही म्युऑन, न्यूट्रिनो आणि पायॉन. इतक्या वर्षांत मी ही चूक पाहिली नव्हती. गंमत म्हणजे संवेगाची पायरी बरोबर येत होती. आधी शून्य. नंतर डावीकडचा, उजवीकडचा आणि मधल्या स्थिर गोळ्याचा शून्य, बेरीज शून्य. मग ऊर्जेची पायरी आली. दोन्ही बाजूंची पायॉनची ऊर्जा एकमेकींशी कटली. मागे उरलं ते असं की म्युऑनची आणि न्यूट्रिनोची ऊर्जा मिळून शून्य. दुसऱ्या एखाद्यानं इथे आकडे घुसडले असते. यानं घुसडले नाहीत. तिथवर आलेलं गणित तसंच ठेवून खाली एक ओळ लिहिली होती: याचा अर्थ कोणताही कण निर्माण झाला नाही.

मी पेन खाली ठेवलं. शेजारचे परीक्षक म्हणाले, "काय मॅडम, कोणी सिनेमाची गोष्ट लिहिली की काय?" मी नुसती हसले. हसता हसता डोळे भरून आले म्हणून पाणी प्यायला उठले आणि जारकडे तोंड करून उभी राहिले.

गणित चुकीचं मांडलं होतं, पण चुकीच्या मांडणीतून निघणारं उत्तर त्या पोरानं अगदी खरं लिहिलं होतं. पायॉन उजव्या बाजूला ठेवायचा असेल तर ठेवा. मग बाकी कोणालाच काही मिळणार नाही. कोणी जन्मणार नाही, कोणी हलणार नाही, दोन्ही बाण नुसते कागदावरचे. मी घरी गॅलरीत हेच मांडून बसले होते. दिनकर जाऊन महिना होत आला होता आणि मी जागची हलले नव्हते. कपाट उघडलं नव्हतं, त्याचे डबे धुतले नव्हते, कोणाकडे गेले नव्हते, धड रडलेही नव्हते. सोनवणे सरांना मी भर बैठकीत पायॉन शून्य म्हणून वदवून घेतलं होतं, आणि त्याच घराच्या गॅलरीत स्वतः मात्र तो हुकाला टांगून ठेवला होता.

संवेगाच्या पायरीचे मार्क मी दिले. बाकीचे देता येत नव्हते. संध्याकाळी केंद्राच्या फाटकातूनच रामदासला फोन लावला आणि उद्या ये म्हटलं. तो काही न विचारता "येतो" म्हणाला.

सकाळी पहिल्या एसटीनं तो आला. आम्ही कलश घेऊन पंचवटीत गेलो. भाजी घ्यायला मी त्या बाजूला शेकडो वेळा गेले असेन. काठावरच्या गर्दीतून पिशवी सांभाळत, कडेकडेनं, कधी न थांबता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या गर्दीतली झाले. गाड्यांच्या टपांवर गाद्या बांधलेले लोक, नुकतं मुंडण केलेली पोरं, ओल्या धोतरातले म्हातारे, पितळेच्या तांब्यांचे ढीग मांडून बसलेल्या बाया. गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. गोत्र रामदासनं सांगितलं. मंत्र झाल्यावर कलश त्याच्या हातात देऊ लागले तेव्हा तो मागे सरला. "वहिनी सोडत्याल," तो म्हणाला. गुरुजींनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि कलश माझ्या हातात दिला.

मी गुडघाभर पाण्यात उतरले. पाणी कोमट होतं. फडकं सोडलं आणि कलश तिरका केला. राख आधी पाण्यावर पसरली, तिच्यामागून पांढुरके तुकडे पडले आणि लगेच दिसेनासे झाले. फार थोडे होते. एवढ्यासाठी मी सगळ्या जगाशी भांडत होते. हातातला कलश एकदम हलका झाला आणि त्या हलकेपणानं माझा तोल गेला. रामदासनं दंड धरला. मी तिथे पाण्यात उभी राहून मोठ्यानं रडले. दिनकर नव्हता. कुठल्याही रूपात, कुठेही नव्हता. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मान्य केलं आणि ते फार दुखलं. ते आजही तितकंच दुखतं, पण त्या पाण्यातून मी निदान बाहेर आले.

रामदास दक्षिणा द्यायला आणि चपला शोधायला गेला. मी ओल्या पातळानं पायरीवर बसले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसलेली होती. कपाळ मोकळं, मांडीवर रिकामा तांब्या. नांदगावकडची होती. तिची माणसं नाश्त्याला गेली होती आणि ती नको म्हणून मागे राहिली होती. तिनं माझ्याकडे वळून विचारलं.

"बाई, तुमी हितल्याच का?"

"हो."

"मंग तुमाला म्हाईत आसंल," ती पाण्याकडे बोट करून म्हणाली. "आमचे मालक सोडले आत्ता. खरंच इरघळत्यात का हो हाडं?"

माझ्याकडे दोन उत्तरं तयार होती. एक वर्गातलं, कॅल्शियम फॉस्फेटचं. दुसरं सतरंजीवर बसणाऱ्या लोकांचं, जे ऐकून मी सोनवणे सरांवर ओरडले होते. तिचा चेहरा बघून दोन्ही मला तोंडातून काढवेनात.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं मांडीवरचा तांब्या खाली ठेवला. मग तिनं माझ्याजवळ सरकून जागा करून घेतली.

"बघू या का थांबून?" तिनं विचारलं.

"बघू या."

पाण्यात काहीच दिसत नव्हतं. आम्ही दोघी बराच वेळ बघत बसलो.